हंबकर बसवताना जुने २५०केचे पॉट ठेवले तर चालतील का?

स्ट्रॅट गिटारच्या ब्रिजला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा भाग), टाकताय, बाकीचे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे पिकअप, तसेच राहणार, मग पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या घुंडीखालचे बदलते रेझिस्टर, जुने २५०केचे (२५० हजार ओहमचे) ठेवायचे की ५००केचे घ्यायचे, आणि लिनियर (घुंडीबरोबर सरळ वाढणारा) की ऑडिओ (कानाला एकसारखा वाढल्यासारखा वाटणारा), असं तुम्ही विचारलंय. ५०० घ्या. पण दुकानदार तुम्हाला म्हणाला ना, की ‘पॉट दहावर (पूर्ण उघडा) असला की असून नसल्यासारखाच’, त्या वाक्यापायी माझा एक चांगला पिकअप गेलाय. म्हणून लिहायला बसलो.

२०१७ची चवथ पंधरा दिवसांवर आली होती. फोंड्याला आमचा ऑर्केस्ट्रा, कार्यक्रम ठरलेले. लग्नांत वाजवून साठवलेल्या पैशांतून मी हंबकर मागवला आणि रात्री पिकगार्ड (गिटारच्या पुढची पाटी, जिच्यावर पिकअप आणि पॉट बसतात) टेबलावर उलटा टाकून बसलो. बाहेर पावसाची झड. पॉटच्या पाठीवर ग्राउंडची तार काही केल्या बसेना, सोल्डरची गोळी होऊन घरंगळायची. शेवटी पॉलिश पेपरने पाठ खरवडली तेव्हा कुठे धरली. पॉट जुनेच, २५०केचे. गिटार अँपला (अँप्लिफायरला) लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

माझा आतेभाऊ बास वाजवतो. वयाने मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, “पिकअप डुप्लिकेट आहे रे.” मी म्हटलं, “दादा, पॉटमुळे तर नसेल?” तर म्हणाला, “दहावर आहे ना? मग तो असून नसल्यासारखाच.” मोठा माणूस, मी गप्प बसलो. पिकअप निम्म्याहून कमी किमतीत डिचोलीच्या एका मुलाला विकला. दोन महिन्यांनी म्हापशाच्या एका कार्यक्रमात तो मुलगा वाजवत होता आणि पहिल्याच कॉर्डला मला कळलं, हा माझा पिकअप. काय खणखणीत वाजत होता! खाली उतरल्यावर विचारलं, पॉट कुठले? ५००के.

आता दादाचं चुकतं कुठे ते सांगतो. घुंडी फिरवली की सरकतो तो फक्त मधला पाय. बाहेरचे दोन पाय कायम सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्येच असतात, घुंडी एकवर असो की दहावर. कुळागरात पाटाचं पाणी शेवटच्या माडापर्यंत जाताना वाटेत झिरपतं, तसा सिग्नल तिथून ग्राउंडला झिरपतो, आणि ऐकताना सगळ्यात आधी ट्रेबल (आवाजाचा वरचा, तिखट भाग) गेलेली जाणवते. पॉट जितका लहान तितकं झिरपणं जास्त. त्यात टोनचा पॉटही आला, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याचा कॅपेसिटर जवळजवळ सरळ तारेसारखा वागतो. म्हणजे २५०चे दोन असले तर पिकअपला दिसतात १२५के, ५००चे दोन असले तर २५०के. सिंगल कॉइल मुळातच तिखट, त्याला २५० मानवतात. हंबकर आधीच जाड, त्याचा जीव त्यात गुदमरतो.

हे मी दादाला करूनही दाखवलं. ५००केवाल्या गिटारच्या जॅकच्या दोन टोकांना ४७०केचा रेझिस्टर क्लिपने लावला, म्हणजे व्हॉल्यूम पॉट साधारण २४२केचा झाल्यासारखं. घुंडी दहावरच. आवाज लगेच दबला. क्लिप काढली, परत उघडला. चार वेळा केलं. दादा म्हणाला, “तुझी क्लिप ढिली असेल.” आजही तेच म्हणतो. तुमच्या दुकानदाराला हाच प्रयोग करून ऐकवा.

हाच रेझिस्टर तुमच्या सिंगल कॉइललाही उपयोगी पडेल. सगळे पॉट ५००चे घ्या आणि प्रत्येक सिंगलच्या सिग्नलच्या तारेवरून ग्राउंडला एकेक ४७०के लावा, म्हणजे ते कर्कश होणार नाहीत. नेक (मानेजवळचा) आणि मिडल (मधला) पिकअप एकत्र लावल्यावर जरा जास्त दबतं, मला ते आवडतं. व्हॉल्यूमला ऑडिओ घ्या; आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पॉटवर A म्हणजे ऑडिओ, B म्हणजे लिनियर.

हे मात्र पत्थर की लकीर समजू नका. फेंडरच्या जॅझमास्टर गिटारमध्ये सिंगल कॉइल असूनही एक मेगचे (१०००केचे) पॉट असतात. तुमचा अँपच तिखट असेल तर हंबकरला २५०सुद्धा गोड लागेल. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असतील तर वरचं सगळं विसरा, त्यांना बहुधा २५के लागतात. आणि ५०० छापलेला पॉट ४०० ते ६००मध्ये कुठेही निघू शकतो, तेव्हा दोन-तीन घ्या, मल्टीमीटर बाहेरच्या दोन पायांना लावा आणि त्यातला मोठा हंबकरला ठेवा. मोजायचा तो सुटा असतानाच. एकदा पिकअपला जोडला की मीटर पिकअपचेच सात-आठ हजार ओहम दाखवतो, आणि मग चांगला पॉटही खराब समजून फेकला जातो.