इंदूरहून इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं पारितोषिक) सोहळा थेट बघता येतो का? किती वाजता?

येतो, आणि फुकट. १९९५ पासून ते इंटरनेटवरून थेट दाखवतात, आता यूट्यूबवर. अडचण वेळेची. २०२५ चा सोहळा बॉस्टनला संध्याकाळी ६ ला होता, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ३.३०. आम्ही मित्र सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन घरी आलो, भावाच्या लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली आणि बसलो. आई म्हणाली, अभ्यासाला कधी जागलात का असे!

सुरुवात चुकवू नका, कागदी विमानं तेव्हा उडतात. भाषण लांबलं की एक छोटी मुलगी येऊन ‘पुरे करा, कंटाळा आला’ असं म्हणत राहायची, ते जुन्या व्हिडिओंत बघाच. आणि हो, २००२ चं गणिताचं पारितोषिक केरळच्या दोघांना होतं: हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ कसं काढायचं!