जुन्या गाडीचं मिसिंग (इंजिन मधेच अडखळणं) सगळे पार्ट बदलूनही जात नाही. दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं?

तुमची गाडी चार सिलिंडरची, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच). थंड असताना सुरळीत, वीसेक मिनिटं चालली की मिसिंग सुरू, चढावर जास्त. प्लग, वायरी, कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग) सगळं नवं, कॉइलही (ठिणगीचं जास्त व्होल्टेज तयार करणारी) गेल्या वर्षी बदललेली. आता मेकॅनिक कार्ब्युरेटर बदला म्हणतोय. माझं सांगणं एवढंच की कार्ब्युरेटर इतक्यात घेऊ नका. आधी ठरवा की इंजिनाला ठिणगी कमी पडतेय की पेट्रोल. हे न ठरवता पार्ट बदलत राहिलात तर पैसे जातील आणि मिसिंग राहीलच.

ते ठरवायला टायमिंग लाइट (वायरीतून ठिणगीचा करंट गेला की चमकणारा दिवा) पुरेसा आहे. त्याचा चिमटा कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरकडे (कॅप, रोटर असलेला, ठिणगी प्लगना वाटणारा भाग) जाणाऱ्या जाड वायरीला लावा. गाडी चालवून गरम करा, मिसिंग सुरू झालं की थांबून लगेच बॉनेट उघडा आणि थोडी रेस देत लाइटकडे बघा. इंजिन अडखळतं त्याच क्षणी लाइटही चुकत असेल तर दोष प्रायमरी बाजूला (कॉइल आणि तिला करंट देणाऱ्या भागात) आहे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, अर्थ (बॉडीशी असलेली जोडणी), इग्निशन स्विच. लाइट न चुकता लागत असेल तर चिमटा एकेका प्लगच्या वायरीला लावा. तिथे एखादी वायर चुकत असेल तर कॅप, रोटर किंवा ती वायर तपासा. कुठेच चुकत नसेल तर प्लग, पेट्रोल किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाकडे) वळा. हे करताना बाह्या, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा आणि चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी हाताने ओढू नका, त्यात हजारो व्होल्ट असतात.

चढावर मिसिंग वाढतं त्याला कारण आहे. थ्रॉटल जास्त उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. इग्निशनमध्ये कुठे कमजोरी असेल तर ती तिथेच उघडी पडते. म्हणून मला तुमच्या गाडीत इग्निशनचाच संशय जास्त आहे, आणि नव्या पार्टांनाही मी त्यातून वगळणार नाही. जुन्या गाड्यांसाठी हल्ली मिळणारे कंडेन्सर आणि रोटर बऱ्याचदा मूळच्या तोडीचे नसतात. असा कंडेन्सर थंड असताना नीट चालतो आणि गरम झाला की दगा देतो. कॅप काढून पॉइंट बघा: नवे असूनही काळे पडले असतील, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा आला असेल, तर कंडेन्सर धरा. जुना काढलेला जपून ठेवला असेल तर तोच परत लावून गाडी फिरवून आणा.

कॉइल मल्टिमीटरने मोजा. पूर्ण १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, बॅलास्ट रेझिस्टरवाल्या (करंट कमी ठेवणारा वेगळा रेझिस्टर जोडलेल्या) कॉइलचा साधारण १.५ ओहम. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर तिच्यातून जवळजवळ दुप्पट करंट जातो, ती प्रमाणाबाहेर तापते आणि पॉइंटही जाळते. कॉइल बदलताना हे बघितलं होतं का, ते नक्की विचारा. वीस मिनिटांनी सुरू होणाऱ्या मिसिंगला हे कारण अगदी जुळतं.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटच्या प्लेटला अर्थ देणारी एक बारीक, लवचिक वायर असते. व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनाच्या व्हॅक्यूमने ठिणगीची वेळ पुढे घेणारा भाग) प्लेट फिरवतो तेव्हा दर वेळी ती वाकते. वर्षानुवर्षं वाकून तिच्यातले तांब्याचे धागे आतल्या आत तुटतात आणि वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. इग्निशन ऑन, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत कॉइलचं डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारं टर्मिनल आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या आत असायला हवं. मीटर बघत बघत प्लेट बोटाने हळूच फिरवा. आकडा उडाला तर दोष सापडला. (इग्निशन फार वेळ असं ठेवू नका, कॉइल तापते.) मीटर नसेल तर व्हॅक्यूमची नळी काढा, तिचं इंजिनाकडचं तोंड बंद करा आणि गाडी चालवून बघा. मिसिंग थांबलं तर ती वायर किंवा प्लेट धरा.

लाइट कुठेच चुकला नाही तर मग पेट्रोल. मिसिंग होत असताना चोक थोडा ओढा; गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे. कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येणं हेही त्याचंच लक्षण, तर सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील तर बहुतेक ठिणगी चुकतेय. टाकीचं झाकणही उघडून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. तेही असंच काही वेळ चालल्यावर त्रास देतं आणि कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी जात नाही.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) एकदा बघून घ्याच. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम कमी आलं तर हेड गॅस्केट. टॅपेट घट्ट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि तेही मिसिंगच वाटतं.

कॉइलचे ओहम आणि लाइट कोणत्या वायरीवर चुकला, एवढं कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.