आधी पाव, मग गिलोटिन
खानापूरहून पाठवलेली तुझ्या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या प्रेमकादंबरीची तिन्ही प्रकरणं काल रात्री एका बैठकीत वाचली गं. भाषा गोड आहे. पण पहिल्याच पानावर गिलोटिन, ते मान उडवायचं यंत्र, कशाला? तुझी गोष्ट सुरू होते 1789 मध्ये, आणि ते यंत्र पॅरिसमध्ये पहिल्यांदा चाललं एप्रिल 1792 मध्ये.

सुरुवात पावापासून कर. 5 ऑक्टोबर 1789 ला बायका पाव मागत पॅरिसहून व्हर्सायला, राजाच्या वाड्यावर, भर पावसात चालत गेल्या, वीसेक किलोमीटर. नायिकेला त्यांच्यात चालव. पाऊस तुला कुणी शिकवायला नको. चिखलानं जड झालेला काठ पोटऱ्यांना कसा चिकटतो, हे रोप लावणाऱ्या आपल्या बायका दरवर्षी सोसतात. तेच लिही.

प्रेमाचं म्हणशील तर एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1793 च्या अखेरीस क्रांतिकारकांनी 'तुम्ही' सोडून सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणावं असा आग्रह धरला. 'अहो'वरून 'अरे'वर येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. नायक तिला पहिल्यांदा 'तू' म्हणतो, आणि ते मायेनं की क्रांतीच्या धाकानं, हे तिला कळत नाही. हा प्रसंग लिहिलास तर मिठ्यांची चार पानं खुशाल काढून टाक.

नायिकेला मोकळं करायला तिच्या नवऱ्याला मारूही नकोस. 20 सप्टेंबर 1792 च्या कायद्यानं घटस्फोट मिळत होता.

तारखांची वेगळी वही घाल. चौथं प्रकरण घेऊन रविवारी शहापूरला घरी ये, दोघी मिळून वाचू.