कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही

“मॅडम, पोरगा मोठ्या कंपनीत लागलाय. पगार महिन्याच्या महिन्याला येतो. दारू नाही, कसली संगत नाही. तरी रात्री उठून बसतो. विचारलं तर अंगावर येतो, नोकरी सोडतो म्हणतो. सोडू द्यायची की समजवायचं?”

कल्याणला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांच्या तोंडून हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. शहापूर, मुरबाड, वाडा, भिवंडी या पट्ट्यातली मुलं आता मोठ्या संख्येने गोदामांत आहेत. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर म्हणून भिवंडीच्या आसपास गोदामं आधीपासून होतीच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर कंपन्यांनी ठिकठिकाणची लहान गोदामं आवरून मोठी उभी केली. भाताच्या खाचरांच्या जागी पत्र्याच्या अवाढव्य शेड आल्या आणि गावात ‘कंपनीत लागला’ या शब्दांना वजन आलं. या गोष्टीत त्या वजनाचा भाग मोठा आहे.

वरचा प्रश्न विचारणारी आई वाशिंदची. ती २४ वर्षांच्या मुलाला घेऊन लोकलने आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहिली दहा मिनिटं तीच बोलली. मग मी तिला बाहेर बसायला सांगितलं.

तो पिकर होता. हातातल्या स्कॅनरवर खणाचा नंबर येतो. चालत तिथे जायचं, वस्तू काढायची, स्कॅन करायची, टोटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या खोक्यात टाकायची. तोवर पुढचा नंबर आलेला असतो. त्याचं टार्गेट, म्हणजे ‘रेट’, तासाला ९० वस्तूंचं. साबण लागले की ९० सहज होतात, तळच्या खणातले प्रेशर कुकर लागले की होत नाहीत. दोन स्कॅनमधला वेळ मोजला जातो, लघवीला गेलेला वेळही त्यातच धरतात. शिफ्ट सुटताना कुणाचा रेट किती याची यादी बोर्डावर लागते.

“किराणा दुकानात बीप वाजला तरी मी दचकून मागे बघतो,” तो म्हणाला.

जगणं नकोसं वाटतं का, हे मी त्याला सरळ विचारलं. असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. तो नाही म्हणाला. मग थोड्या वेळाने, खाली बघत, त्याने दुसरंच सांगितलं. रात्रपाळी करून सकाळी बाइकवर परतताना महामार्गावर त्याचा डोळा लागला होता. मागच्या ट्रकच्या हॉर्नने जाग आली तेव्हा गाडी दुभाजकाला लागायच्या बेतात होती. घरी कुणाला माहीत नव्हतं.

बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी हे हातात घेतलं. नाइट संपल्यावर लगेच किक मारायची नाही. पार्किंगमध्ये वीस मिनिटं डुलकी काढायची, तोंडावर पाणी मारायचं, जमेल त्या दिवशी दोघांनी मिळून यायचं. पहाटे तीननंतर चहा बंद, कारण तो चहा घरी पोचल्यावर झोपेच्या आड येतो. घरी तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. तिथे टीव्ही, मिक्सर, येणारे-जाणारे. आईने आतल्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावली आणि दुपारी एकपर्यंत शेजारणींना दारातूनच परत पाठवायला लागली. पाळी दर आठवड्याला बदलायची, म्हणजे शरीराला रात्रपाळीची जेमतेम सवय होतेय तोच दिवसपाळी. ते आमच्या हातात नव्हतं. त्याने टीएलला, म्हणजे टीम लीडरला, विचारून पाहिलं, पण काही झालं नाही.

तीन आठवड्यांत झोप सुधारली. चिडचिड थोडी उतरली. पण रात्रपाळी नसलेल्या दिवशीही तो दोन-अडीचला उठून बसायचाच. मी हे सगळं थकव्याच्या खात्यात टाकलं होतं आणि तिथेच माझं चुकलं होतं.

कळलं ते पगाराच्या चिठ्ठीमुळे. मध्ये तापात कण्हत तो कामावर गेला होता, म्हणून त्याला ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर आहे का, पीएफ कापला जातो का हे बघायला मी चिठ्ठी आणायला सांगितली. त्याने दोनदा टाळलं. तिसऱ्या वेळी आणली, चौपदरी घडी घातलेली. वर नाव ठेकेदाराचं होतं. कंपनीचं नाव फक्त गळ्यातल्या रंगीत पट्ट्यावर.

“मी रोलवर नाही मॅडम. दिवाळीच्या सीझनला भरतात आणि सीझन संपला की आयडी ब्लॉक करतात. मी दोन दिवाळ्या टिकलो. घरी वाटतं मी पर्मनंट आहे. बदलापूरचं स्थळ आलंय, त्यांना बाबांनी तेच सांगितलंय.”

रात्री अडीचला तो काय मोजत बसायचा ते आता कळलं. यादीत खाली गेलो तर आयडी जाईल, आयडी गेला तर घरी कळेल, घरी कळलं तर बाबांचा शब्द खोटा पडेल. रेट त्याच्यासाठी कामाचा आकडा राहिलाच नव्हता. घराची अब्रू तासातासाला स्कॅन होत होती. नोकरी सोडतो म्हणायचा तेही याचसाठी. आपण सोडली म्हटलं की काढलं हे सांगावं लागत नाही.

पुढच्या वेळी मी वडिलांना बोलावलं. सांगायचं त्यानेच, मी फक्त शेजारी बसेन असं ठरलं होतं. त्याने रोलचं सांगितलं, यादीचं सांगितलं, कुकरचंही सांगितलं. वडील भिवंडीत यंत्रमागावर बावीस वर्षं काढलेले. बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, आता आवाज चढणार.

“मी कुठे कायम होतो?” ते म्हणाले. “बावीस वर्षं साचा चालवला, कुठल्या कागदावर माझं नाव नाही. मीटरवर पैसे. धागा चांगला आला तर मीटर निघायचे. सडका आला की दिवसभर तुटायचा, गाठी मारण्यात पाळी जायची. तेव्हा घरी येऊन तुझ्या आईला सांगायचो, आज धागा सडका होता. ती समजायची. तू सांगितलंच नाहीस रे.”

मुलगा रडला. मी मध्ये बोलले नाही.

स्थळाकडे वडील स्वतः जाऊन खरं सांगून आले. आठ दिवसांनी तिकडून नकार आला. आईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात राग होता, “मॅडम, तुमच्यामुळे चांगलं स्थळ गेलं.” तिला वाईट वाटणं साहजिक होतं, मलाही वाटलं. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली की पोरगा रात्रभर झोपला होता.

आता मूळ प्रश्न, सोडू द्यायची की समजवायचं? समजावण्याची घाई करू नका. आधी विचारा की नेमकं काय सोडायचंय: रात्रपाळी, तो टीएल, यादी, की लपवाछपवी? रात्रपाळीहून आल्या दिवशी किंवा यादीत तळाला असलेल्या आठवड्यात नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नये, एवढं मात्र मी ठामपणे सांगते. पाठ, गुडघे आणि झोप महिनोन्‌महिने सावरत नसतील, तर दुसरं काम शोधून बाहेर पडण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि कागद बघा. कागद बघणं हा समुपदेशनाचा भाग नाही असं कुणी म्हणेल, पण अर्धी भीती माहिती नसल्याची असते हे मी रोज पाहते. ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन हा नंबर तोच राहतो. आधी जमा झालेले पैसे बुडत नाहीत. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय लागू असेल, तर कापले जातात ०.७५ टक्के. त्या बदल्यात, हप्ते पुरेसे भरलेले असले की, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकतो. या मुलाला दोन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तो तापात रॅकमधून फिरत होता. ठेकेदाराने पगार थकवला तर जबाबदारी मूळ कंपनीपर्यंत जाते, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मुलगा ‘जगून काय करू’ अशा भाषेत बोलत असेल तर मात्र कागद, नोकरी, स्थळ सगळं राहू द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही उचलतात. तिथे बोला किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

तो अजून तिथेच आहे, अजून ठेकेदाराकडेच. फोर्कलिफ्ट शिकायचं चाललंय. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, त्याने दोन दिवस रजा मागितली. रजा मिळाली, पण त्या आठवड्यात रेट घसरला आणि टीएल चारचौघांत बोलला. हे त्याने मला फोनवर सांगितलं. घरी सांगितलंस का, मी विचारलं.

“मी सांगायच्या आधीच बाबा विचारतात आता,” तो म्हणाला. “दारात चपला काढतोय तोच, आज कुकर होते का साबण?”