बाटलीतली डेंड्रोबियम ऑर्किडची रोपं बुडातून काळी पडतायत? बाविस्टिन आधी बाजूला ठेवा

"तीनदा बाविस्टिन (हे बुरशीनाशक) मारलं तरी रोज चार-पाच रोपं कोलमडतायत" हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि कपाळावर हात गेला. टिश्यू कल्चरची बाटली, ९८ खणांचा प्रोट्रे, त्यात भाजीच्या रोपांसारखं कोकोपीट, वर पारदर्शक झाकण, आठव्या दिवसापासून बुंध्याशी काळपट-जांभळा डाग. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. बाटली कशी उघडायची, रोपं कशी धुवायची हे तुम्ही नीट केलेलं दिसतंय, त्यामुळे ते सोडून देतो. (अगारचा, म्हणजे बाटलीतल्या जेलीचा, एक कणही मुळाला चिकटलेला नव्हता ना? त्यात साखर असते, बुरशीला मेजवानीच.)

आधी डाग ओळखा. पान पाणचट, अर्धपारदर्शक होऊन दीड-दोन दिवसांत गळालं आणि घाण वास आला, तर ती जिवाणूंची ओली कूज. टोकाकडून करडं वाळत, सुरकुतत गेलं आणि बुडाशी हिरवं राहिलं, तर ते नुसतं सुकणं आहे, रोग नाही. तुमचं वर्णन मात्र बुडातून वर चढणारा काळा डाग, कडेला पिवळी रेघ, आणि पान हलकेच ओढलं की हातात येणं असं आहे. हे बहुतेक पिथियम किंवा फायटॉप्थोरा. आता गोम इथेच आहे. हे दोघं बुरशीसारखे दिसतात, पण बुरशी नव्हेत. त्यांचं नातं तपकिरी शैवालांशी जवळचं. बाविस्टिन म्हणजे कार्बेन्डाझिम. ते खऱ्या बुरशीच्या पेशींचं विभाजन रोखतं, पिथियमवर त्याचा परिणाम होत नाही. उलट पिथियमला टक्कर देणाऱ्या बाकीच्या बुरश्या मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. तीन फवारण्यांनंतर प्रकार वाढला असेल तर नवल नाही.

आमची सडलेली रोपं ज्या सल्ला केंद्रात नेली, त्याचं नाव घेत नाही. तिथे पिशवी उघडलीसुद्धा नाही. लांबूनच "बुरशी आहे, बाविस्टिन दोन ग्रॅम, आठ दिवसांनी परत" असं सांगून पुढच्याला बोलावलं. त्यात बारा दिवस आणि दोन ट्रे गेले. तिथल्याच खोलीत सूक्ष्मदर्शक कापडाखाली झाकून ठेवलेला होता! काळ्या मुळाचा तुकडा थेंबभर पाण्यात काचेवर दाबून पाहायला पाच मिनिटं लागतात. तंतूंमध्ये आडवे पडदे दिसले नाहीत तर संशय पिथियमच्या गटावर, ठरावीक अंतरावर पडदे दिसले तर खरी बुरशी. जवळच्या कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या कुणाला गाठून एवढंच करून घ्या. तोंडी निदानावर औषध मारू नका, माझ्यासुद्धा.

आता काय करायचं. ट्रे वाचवायचा विचार सोडा, रोपं वाचवा. सगळीच्या सगळी उपटा, निरोगी दिसणारीही. पिथियमचे पोहणारे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून एका खणातून दुसऱ्यात जातात. ट्रे पाणी भरलेल्या ताटात ठेवला असेल तर तुम्ही त्यांच्यासाठी तलावच बांधला आहे. बुंधा काळा झालेली रोपं थेट जाळा, कंपोस्टमध्ये नकोत. फक्त मुळं कुजली असतील तर कूज पूर्ण कापून टाका, आणि प्रत्येक रोपानंतर ब्लेड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा. हे कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केला तर बाकीचं सगळं व्यर्थ.

मग, तपासणीत पिथियमचाच गट निघाला असेल तर, मेटालॅक्सिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के ही भुकटी, जी द्राक्षवाल्यांकडे हमखास मिळते, लिटरला दीड ग्रॅम. लेबलवर दोन-अडीच लिहिलेलं असतं, पण बाटलीतून नुकत्याच आलेल्या रोपांना तेवढं नको. दहा मिनिटं बुडवा, वर्तमानपत्रावर सावलीत दोन-तीन तास पसरून ठेवा. मुळं फटफटीत पांढरी दिसेपर्यंत थांबा, घाबरू नका. दहा-बारा दिवसांनी त्याच द्रावणाची एक आळवणी करा (मुळाशी ओता) आणि तिथेच थांबा. हेच औषध सारखं वापरलं तर रोगाला त्याची सवय होते. तांब्याची औषधं डेंड्रोबियमला सोसत नाहीत, पानं भाजतात, त्यामुळे ब्लायटॉक्स वगैरेच्या वाटेला जाऊ नका. मी रोगतज्ज्ञ नाही आणि या औषधांच्या लेबलवर ऑर्किडचं नाव सहसा नसतं, तेव्हा आधी दोन-तीन रोपांवर करून पाहा. हातमोजे घाला.

कोकोपीट पूर्ण बाद. वांगी-मिरचीला ते ठीक, पण ऑर्किडच्या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. नारळाच्या सोडणाचे ५ ते १० मिलिमीटरचे तुकडे दोन भाग, तेवढ्याच आकाराचा लोणारी कोळसा एक भाग, थोडे विटांचे तुकडे. सोडण चार-पाच दिवस भिजवा, पाणी रोज बदला. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात मीठ असतं आणि ते मुळांची टोकं जाळतं. शेवटच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तुमच्या नळाच्या पाण्याच्या जवळ आला की पुरे. ४ इंची जाळीच्या कुंडीत २० रोपं दाटीने लावली तरी चालतात. आजारातून उठलेल्यांना मात्र पहिले तीन आठवडे नुसता कोळसा आणि वीट, मॉससुद्धा (ओलावा धरणारं वाळलेलं शेवाळ) नको.

झाकणाबद्दल. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि रंध्रं नीट मिटत नाहीत, म्हणून बाहेर येताच ती पाणी गमावतात. रोप मलूल दिसलं की आपण कुंडीत पाणी ओततो, खरं तर दमट हवी असते हवा. झाकण ठेवा, पण त्याला भोकं पाडा, दिवसातून दोनदा पूर्ण काढा, आठ-दहा दिवसांनी रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवा. खाली ओली वाळू, वर ७५ टक्क्यांची शेडनेट. फवारा सकाळीच, संध्याकाळी पानं कोरडी हवीत. खत पहिले पंधरा दिवस शून्य, मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पाणी उघड्या विहिरीचं असेल तर १०० लिटरला पावणेदोन ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवा आणि रात्रभर उघडं ठेवून वापरा. बऱ्याचदा रोग पाण्यातूनच येतो.

दुसरी बाटली अजून उघडली नाही म्हणता, ते उत्तम. कोकणात भर पावसात ती उघडूच नका, कुंडी वाळणारच नाही. अगार स्वच्छ असेल तर बाटली उजेडाच्या सावलीत काही आठवडे बिनघोर राहते. फक्त उन्हात नको, काच आतली हवा उकळते. फ्रिजमध्येही नको.

आणि विकणाऱ्याला एक विचारून ठेवा, रोपं बियांची आहेत की मेरिक्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या वाढत्या शेंड्यापासून केलेल्या हुबेहूब प्रती. बियांची असतील तर प्रत्येकाचं फूल वेगळं निघेल, मग फोटोसारखं आलं नाही म्हणून भांडायला जागा नाही. उरलेल्यांच्या मुळांचा जवळून एक फोटो टाका, बुंध्याचाही. पानांचा फोटो नको, त्यावरून काही कळत नाही.