प्रदर्शनात तोंडच उघडत नाही: तिसरीतला मुलगा आणि मटकीचे साठ दाणे

(ही एकाच घराची हकीकत नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत पालक घेऊन येतात त्या सारख्या तक्रारी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे.)

“मॅडम, गेल्या वर्षी आम्ही ज्वालामुखी केला होता. त्याचे बाबा आणि मामा रात्री उशिरापर्यंत पुठ्ठे कापत बसले होते. बाईंनी विचारलं, ‘हा फेस कुठून येतो रे?’ तर हा रडायलाच लागला. घरी नुसती बडबड, आणि तिथे तोंड उघडत नाही. यंदा सोपं काहीतरी सांगा. पण अगदीच साधं नको हं, बाकीच्यांच्या मॉडेलमध्ये दिवे लागतात.”

नाशिककडचं कुटुंब, मुलगा तिसरीत, घरात आजी. आईच्या बोलण्यात दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या होत्या: मूल बोलत नाही, आणि साधा प्रयोग फिका पडेल. दुसरी सोडवायला जावं तर पहिली वाढते. प्रकल्प जितका भव्य, तितका त्यात मोठ्यांचा हात जास्त आणि मुलाला सांगण्यासारखं कमी. फेस का आला हे त्या मुलाला खरंच माहीत नव्हतं. सोडा मामाने घातला होता, व्हिनेगर बाबांनी ओतलं होतं. त्याच्या वाट्याला आलं होतं ते पाठ केलेलं भाषण. भाषणात नसलेला प्रश्न आला आणि तो अडला.

एक गोष्ट आधी तपासावी लागते. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ कोणाशीच बोलत नसेल, मित्रांशीही नाही, आणि शाळा नुकतीच सुरू झालेली नसेल, तर तो निव्वळ लाजाळूपणा समजू नये. बालमानसतज्ज्ञांना दाखवावं. या मुलाचं तसं नव्हतं. मधल्या सुट्टीत तो व्यवस्थित भांडायचा.

त्याला विषय सुचवण्याऐवजी विचारलं, घरात रोज काय बदलताना दिसतं? थोड्या वेळाने म्हणाला, “आजीची मटकी. उन्हाळ्यात लगेच मोड येतात, आता येतच नाहीत. आजी शाल गुंडाळते.” प्रकल्प इथेच मिळाला. डिसेंबरात नाशिकला रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा मटकी रेंगाळणारच. थंडीत मोड उशिरा का येतात, हा प्रश्न त्याचा स्वतःचा होता. त्यामुळे तो पाठ करायची गरज नव्हती.

मांडणी अशी ठरली. मूठभर मटकी एकाच भांड्यात ८ तास भिजवायची. उपसल्यावर मुलाने एकेक दाणा निवडायचा. टम्म फुगलेले घ्यायचे, गणंग, म्हणजे न फुगता टणकच राहिलेले दाणे, बाजूला. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सोडू नये. गणंगाच्या सालीतून पाणी आत शिरत नाही, त्यामुळे ऊब कितीही दिली तरी त्याला मोड येत नाही, आणि चार गणंग एकाच डबीत गेले की सगळी मोजदाद फसते. फुटलेले, साल निघालेले दाणेही नकोत, ते आधी कुजतात. मग एकसारख्या तीन डब्या घ्यायच्या, प्रत्येकीत सुती कापडाची दुहेरी घडी, २ चहाचे चमचे पाणी आणि मोजून २० दाणे. झाकण नुसतं टेकवायचं, दाबून बसवायचं नाही. बियांना हवा लागते.

एक डबी फ्रिजमध्ये, दुसरी ओट्यावर, तिसरी कॅसरोलमध्ये. कॅसरोलमध्ये शेजारी कोमट पाण्याची छोटी बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि सकाळी, संध्याकाळी व झोपताना तिच्यातलं पाणी बदलायचं. ते काम मोठ्यांचं. मनगटावर सोसेल इतपतच कोमट. “जास्त गरम म्हणजे जास्त लवकर” या हिशेबाने कढत पाणी भरलं की दाणे शिजतात आणि दुसऱ्या दिवशी चिकट होतात.

इथे बहुतेक घरांत एक गफलत होते. फ्रिज बंद, कॅसरोल बंद, म्हणजे दोन्हीकडे अंधार, आणि ओट्यावरची डबी तेवढी उजेडात. मग फरक थंडीने पडला की उजेडाने, हे सांगणार कसं? उपाय सोपा आहे, ओट्यावरच्या डबीवर एक पातेलं पालथं घालायचं. बदल फक्त एका गोष्टीत, बाकी सगळं सारखं. तिसरीच्या वयाला प्रयोगाची एवढी शिस्त पुरते, आणि हे मुलाकडूनच काढून घेता येतं. “उजेड कुठे कुठे आहे, बघ बरं” एवढंच म्हणायचं.

मोजायचं दर १२ तासांनी, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. मोड ‘आला’ कधी म्हणायचं तेही आधी ठरवावं, नाहीतर आजी-नातवाचे आकडे जुळत नाहीत. टोक मोहरीच्या दाण्याएवढं बाहेर आलं की एक धरायचा. कापड कोरडं वाटलं तरच एक चमचा पाणी. डबीत पाणी साचलं तर ओतून टाकायचं. पाण्यात बसलेल्या दाण्यांचा हवेअभावी श्वास कोंडतो, आंबूस वास येतो. नोंदीसाठी आलेख छापून आणू नये. कार्डशीटवर तीन रकाने आखायचे आणि एका मोडाला एक टिकली चिकटवायची. टिकल्यांची रांग लांबून दिसते, आणि ती मुलाने स्वतः लावलेली असते.

काय दिसतं? कॅसरोलमधले दाणे आधी, ओट्यावरचे मागून, फ्रिजमधले दोन दिवसांनीही जवळजवळ तसेच. बी भिजल्यावर तिच्यात साठवलेलं अन्न विरघळवून कोंबाकडे पोचवण्याचं काम सुरू होतं, आणि थंडीत ते मंदावतं. मुलाने याहून जास्त सांगायची गरज नाही. फ्रिजमधले दाणे मेले का, हा पुढचा प्रश्न कोणीतरी विचारतंच. ती डबी बाहेर उबेत ठेवली की पुष्कळ दाण्यांना एक-दोन दिवसांत मोड येतात, काही राहूनही जातात. हे सरावाच्या वेळी करून पाहिलेलं असावं.

सराव म्हणजे आदल्या आठवड्यात पूर्ण प्रयोग एकदा. मग प्रदर्शनासाठी उलटी गणना करायची. शनिवारी सकाळी प्रदर्शन असेल तर बुधवारी रात्री १० ला भिजत घालायचं, गुरुवारी सकाळी ६ ला उपसून दाणे निवडायचे, ७ ला डब्या मांडायच्या, शनिवारी ७ ला ४८ तास भरतात. निकाल हवा तसा नाही आला तर पालकांनी हळूच दाणे बदलू नयेत. आला तोच लावायचा.

मुंबई-कोकणात किंवा गोव्यात डिसेंबरातही स्वयंपाकघर उबदार असतं, त्यामुळे ओटा आणि कॅसरोल यांत फरक फारसा दिसणार नाही. तिथे पाण्याचा प्रश्न घ्यावा: एक डबी कोरडी, एक ओलसर, एकीत दाणे दोन बोटं पाण्याखाली. बुडालेल्यांना मोड आलाच तर तो पुढे वाढत नाही.

मटकीत रस नसलेल्या मुलांसाठी पांढरी शेवंती आहे. १०० मिलिलिटर पाण्यात खाण्याचा रंग अर्धा चमचा, देठ पाण्याखाली धरून तिरका कापायचा आणि फूल लगेच रंगात ठेवायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत पाकळ्यांच्या कडा रंगतात. होळीचा गुलाल चालत नाही, तो नीट विरघळत नाही. पानफुटीचं पान ओल्या वाळूवर ठेवलं तर कडेच्या खाचांतून रोपं येतात, पण त्याला आठवडा-दीड आठवडा हवा. पक्ष्यांची घरटी, फुलपाखरं, बेडूक मात्र आणू नयेत. साधी सूचना आहे, पण दर वर्षी कोणीतरी घरटं आणतंच.

आता बोलण्याचं. भाषण लिहून दिलं नाही. तीनच गोष्टी सांगायच्या ठरल्या: मला काय विचारायचं होतं, मी काय केलं, मला काय दिसलं. शब्द त्याचे. सराव आरशासमोर नको. आजोबा किंवा शेजारच्या काकू समोर बसवायच्या, डबी मुलाच्या हातात द्यायची आणि त्यांनी खरोखर माहीत नसल्यासारखं विचारायचं. हाताला दाखवायला काही असलं की नजर समोरच्याच्या चेहऱ्यावरून डबीकडे वळते आणि भीती ओसरते. शिवाय “माहीत नाही, करून बघावं लागेल” हे उत्तर चालतं, हे त्याला आईने स्वतः सांगायचं. ते ऐकून आई थोडी नाराज झाली. “मग मार्क जातील ना?” जातील कदाचित. तिसरीत ते परवडतं.

प्रदर्शनात आईने टेबलामागे उभं राहायचं नाही, असंही ठरलं होतं. तिने ते पाळलं. लांबून दिसलं ते तिने फोनवर सांगितलं: पहिल्या पाहुण्यांपुढे तो गप्पच होता, मग एका मुलीने झाकण उघडलं आणि “हात नको लावू, मोजलेत ते” असं म्हणून त्याची सुरुवात झाली. बक्षीस दिवे लागणाऱ्या मॉडेललाच गेलं. एका सरांनी विचारलं, हरभऱ्याचंही असंच होईल का? हा म्हणाला, करून बघावं लागेल.

घरी आल्यावर त्याने आजीकडे हरभरे मागितले. हरभरा थंडीतलं पीक आहे, मटकीपेक्षा कमी उबेत रुजतो, म्हणून तुलना रंगेल. दाणा मोठा असल्याने भिजवायला १० ते १२ तास द्यावेत आणि डबीत ३ चमचे पाणी घालावं.