रडारची पॉवर दुप्पट केली तर पल्लाही दुप्पट होतो का?

नाही, फक्त १९ टक्क्यांच्या आसपास वाढतो. लहर जाताना अंतराच्या वर्गाने विरळ होते, आणि लक्ष्यावर आपटून परतणारा प्रतिध्वनी पुन्हा तसाच पसरत येतो. म्हणून परत हाती लागणारी ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताने घटते. पल्ला दुप्पट हवा तर पॉवर १६ पट लागते!

लक्ष्याच्या परावर्तन क्षेत्रफळालाही (म्हणजे ते रडारला किती मोठं दिसतं, त्यालाही) हाच चौथ्या मुळाचा नियम आहे. मला स्टेल्थचं, म्हणजे विमान रडारपासून लपवण्याच्या तंत्राचं, खरं कौतुक इथेच वाटतं: २०० किमीवरून दिसणाऱ्या विमानाचं परावर्तन निम्मं केलं, तरी ते १६८ किमीवर दिसतंच. ते २० किमीपर्यंत लपवायचं तर परावर्तन १०,००० पट कमी करावं लागतं. पॉवरने पल्ला इतका कमी वाढतो, म्हणून रडारवाले नुसती पॉवर वाढवत नाहीत, अँटेना मोठा करतात: तो लहर पाठवताना आणि प्रतिध्वनी पकडताना, दोन्ही वेळा कामी येतो.